दुकानात बोटाएवढा दिसणारा ऑस्कर वर्षात फूटभर होतोय, त्याला घरी सांभाळायचं तर हे माहीत पाहिजे

कोल्हापुरात फिश टँकच्या कुठल्याही दुकानात जावा, एका काचेत हमखास दिसतील. काळ्या अंगावर केशरी नक्षी, मोठे डोळे, बोटाएवढी पिल्लं. तुम्ही काचेजवळ गेलात की बाकीचे मासे लांब पळतात आणि ही पिल्लं उलट तुमच्याकडं बघायला येतात. पोरगं हट्ट करतं, किंमतही खिशाला परवडणारी असते, दुकानदार पिशवीत दोन पिल्लं घालून देतो आणि घरातल्या दोन फुटी टँकमध्ये गप्पी, गोल्डफिशच्या सोबतीला ऑस्कर दाखल होतात.

पहिल्या आठवड्यात गप्पी कमी व्हायला लागतात.

सहा महिन्यांत गोल्डफिश गायब होतात आणि वर्षभरात त्या टँकमध्ये फक्त दोन धिप्पाड ऑस्कर उरतात, ज्यांना धड वळताही येत नाही. पाणी दर तिसऱ्या दिवशी गढूळ, घरात वास आणि मग कुणीतरी सुचवतं, "सोडून द्या की रंकाळ्यात."

तर विषय इथंच गंडतो. म्हणून हा मासा नेमका काय आहे, त्याला किती जागा लागते, पाण्याचं गणित काय आणि रंकाळ्यात का सोडायचा नाही, हे सगळं नीट बघूया.

सुरुवात त्याच्या खानदानापासून. ऑस्कर हा सिक्लिड नावाच्या कुळातला मासा. मूळचा दक्षिण अमेरिकेतला, अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यातला. शास्त्रीय नाव अ‍ॅस्ट्रोनोटस ओसेलॅटस. १८३१ साली लुई अ‍ॅगासी या शास्त्रज्ञानं त्याचं पहिल्यांदा वर्णन केलं, तेव्हा गड्यानं त्याला चक्क समुद्री माशांच्या गटात टाकलं होतं. ब्राझीलमध्ये लोक हा मासा खातातही. त्याच्या शेपटीजवळ केशरी कडा असलेला काळा गोल ठिपका असतो. लांबून तो डोळ्यासारखा दिसतो. शास्त्रज्ञांचं म्हणणं असं की पिरान्हासारख्या लचके तोडणाऱ्या माशांना डोकं कुठलं आणि शेपूट कुठलं हे कळू नये, यासाठी ही सोय असावी.

आता सिक्लिड म्हणजे काहीतरी परदेशी प्रकरण वाटत असेल, तर थांबा. भिगवणच्या बाजारात ढिगानं मिळणारी चिलापी, म्हणजे तिलापिया, हीसुद्धा सिक्लिडच. गोव्यात ज्याला काळुंदर म्हणतात आणि केरळात करीमीन म्हणून केळीच्या पानात भाजतात, तोही सिक्लिडच आणि तो तर अस्सल आपल्याकडचा. दुकानात डोक्यावर टेंगूळ असलेला जो फ्लॉवरहॉर्न मिळतो तो मात्र निसर्गात कुठंच सापडत नाही. १९९० च्या दशकात मलेशियात मध्य अमेरिकेतल्या वेगवेगळ्या सिक्लिडांचा संकर करून तो तयार केला गेला. चिनी भाषेत त्याला लुओहान म्हणतात, म्हणजे अर्हत. कपाळ मोठं असलेल्या बौद्ध साधूंच्या मूर्तींवरून हे नाव आलं. त्याचं टेंगूळ जितकं मोठं तितकी घरात लक्ष्मी, असं सांगून तो हजारो रुपयांना विकला जातो. त्या टेंगळात मुख्यतः चरबी आणि पाणीदार मांस असतं. लक्ष्मी आली तर विकणाऱ्याच्या घरी येते, एवढं नक्की.

वास्तूसाठी मासा घेणाऱ्यांशी वाद घालण्यात अर्थ नाही. पण ऑस्कर असो की फ्लॉवरहॉर्न, दोघांची काळजी जवळपास सारखीच, त्यामुळं पुढचं दोघांनाही लागू.

कोल्हापूरकराला हे समजवायला फार लांब जायला नको. ऑस्कर म्हणजे पैलवान. तालमीत दाखल झालेलं पोरगं किरकोळ दिसतं, पण खुराक सुरू झाला की दोन वर्षांत दारातून आडवं जावं लागतं. ऑस्करचं पिल्लू चांगल्या पाण्यात आणि चांगल्या खाण्यावर पहिले काही महिने महिन्याला साधारण एक इंच वाढतं. वर्ष-सव्वा वर्षात दहा-बारा इंच. नीट सांभाळला तर तो दहा वर्षांपेक्षा जास्त जगतो. म्हणजे पाचवीतल्या पोरानं हट्टानं घेतलेला मासा पोरगं इंजिनिअरिंगला गेलं तरी घरात असणार आणि त्याचं पाणी बदलणार आई.

इथं एक गैरसमज फार पसरलेला आहे. "मासा टँकच्या मापानं वाढतो, छोट्या टँकमध्ये छोटाच राहतो." हे अर्धवट खरं आहे आणि म्हणूनच घातक आहे. छोट्या टँकमध्ये वाढ खुंटते खरी, पण ती खुंटते घाण पाण्यामुळं आणि सततच्या ताणामुळं. असा मासा छोटा आणि सुखी नसतो, तर खुरटलेला आणि आजारी असतो. पाठीला बाक येतो, डोळे शरीराच्या मानानं मोठे दिसतात आणि दहा वर्षं जगणारा जीव दोन-तीन वर्षांत संपतो. "आमचा ऑस्कर दोन फुटी टँकमध्ये दोन वर्षं मस्त होता" असं सांगणाऱ्याला विचारा, मग तिसऱ्या वर्षी काय झालं?

आता आकडे घ्या. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच टँक म्हणजे दोन घनफूट. एका घनफुटात सव्वाअठ्ठावीस लिटर पाणी बसतं, म्हणजे हा टँक जेमतेम छप्पन्न लिटरचा. ऑस्करला एकट्याला निदान चार फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच टँक पाहिजे. हे झाले नऊ घनफूट, अंदाजे अडीचशे लिटर. यात लांबीइतकीच रुंदी महत्त्वाची, कारण फूटभर मासा एक फूट रुंदीच्या टँकमध्ये वळणार कसा? जोडी ठेवायची तर सहा फुटी टँक धरून चला.

अडीचशे लिटर पाणी म्हणजे अडीचशे किलो वजन. वर काच, खडी, स्टँड. सगळं मिळून तीन-साडेतीनशे किलो एकाच जागी. टीव्हीच्या शोकेसवर हा टँक ठेवायचा विचार डोक्यातून काढून टाका. लोखंडी स्टँड, खाली सपाट फरशी, टँकखाली थर्माकोलची शीट आणि शक्यतो भिंतीलगतची जागा. जुन्या घरात लाकडी माळ्यावर तर अजिबात नको. काचेच्या जाडीत काटकसर करू नका, या मापाला १० मिमी तरी काच असावी. आणि झाकण पाहिजेच. ऑस्कर उडी मारतो, रात्री मारतो आणि सकाळी फरशीवर सापडतो.

जागेचं झालं. पण बहुतेक ऑस्कर जागेमुळं मरत नाहीत, पाण्यामुळं मरतात. ही गोष्ट जरा निवांत समजून घेण्यासारखी आहे.

मासा जे खातो त्यातून अमोनिया तयार होतो. कल्ल्यांतून आणि विष्ठेतून तो पाण्यात उतरतो. अमोनिया माशाला विषारी. नदीत हजारो लिटर पाण्यात तो विरून जातो, टँकमध्ये जागच्या जागी साठतो. मग मासे टँकमध्ये जगतात तरी कसे? तर फिल्टरच्या स्पंजवर, खड्यांवर, काचेवर एक प्रकारचे जिवाणू वस्ती करतात. ते अमोनियाचं नायट्राइट करतात. नायट्राइटही विषारीच, पण दुसरे जिवाणू त्याचं नायट्रेट करतात. नायट्रेट बरंच सौम्य. ते तुम्ही दर आठवड्याला थोडं पाणी बदलून बाहेर काढता. एवढंच गणित आहे.

अडचण अशी की ही जिवाणूंची वस्ती उभी राहायला चार ते सहा आठवडे लागतात. आपण काय करतो? सकाळी टँक आणतो, दुपारी पाणी भरतो, संध्याकाळी मासे सोडतो. आठ-दहा दिवसांत मासे पाण्यावर येऊन तोंड उघडमीट करायला लागतात आणि आपण म्हणतो, दुकानदारानं आजारी मासे दिले. दुकानदाराचा दोष दरवेळी नसतो. ओळखीच्या कुणाचा चालू, निरोगी टँक असेल तर त्याच्या फिल्टरमधला थोडा जुना स्पंज मागून आणा आणि आपल्या फिल्टरमध्ये घाला. विरजण लावायचा प्रकार आहे हा, दुसरं काही नाही.

दुसरी चूक म्हणजे रविवारची स्वच्छता मोहीम. सगळे मासे बादलीत, टँक रिकामा, खडी नळाखाली खळखळून, स्पंज साबणानं धुऊन उन्हात. बघायला टँक चकाचक दिसतो, पण महिन्याभरात जमलेली जिवाणूंची वस्ती त्यात पार संपलेली असते. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, ते जंतू मारण्यासाठीच घातलेलं असतं, मग ते कामाचे जिवाणू का सोडेल? कोल्हापूरला २०२३ च्या नोव्हेंबरात काळम्मावाडी धरणाचं पाणी थेट पाइपलाइननं पुईखडीपर्यंत आलं. पाणी पंचगंगेचं असो की काळम्मावाडीचं, शुद्धीकरण केंद्रातून ते घरी येतं क्लोरीन घेऊनच.

म्हणून पद्धत अशी ठेवा. आठवड्यातून एकदा पाव ते तीसेक टक्के पाणी बदलायचं. अडीचशे लिटरच्या टँकला ते होतं साठ-सत्तर लिटर, म्हणजे चार-पाच बादल्या. साध्या नळीनं तळाची घाण ओढत पाणी काढायचं. हे पाणी गटारात ओतू नका, कुंड्यांना घाला, नायट्रेट म्हणजे झाडांचं खतच. नवीन पाणी आदल्या दिवशी भरून उघडं ठेवा, त्यात हवेचा पंप चालू ठेवला तर क्लोरीन लवकर निघून जातं. घाई असेल तर दुकानात अँटी-क्लोरीनची बाटली मिळते. बोअरचं पाणी वापरत असाल तर क्लोरीनचा प्रश्न नाही, पण तेही रात्रभर बादलीत हवा देऊन मगच घाला. आणि स्पंज धुवायचा तो टँकमधून काढलेल्या पाण्यातच, नुसता पिळून.

पाणी बदललं की बरेच ऑस्कर रुसतात. तळाशी जाऊन चक्क आडवे पडतात, रंग काळपट करतात, तुमच्याकडं बघत नाहीत. नवीन माणूस घाबरतो, मासा गेला म्हणून जाळी शोधतो. तासा-दोन तासांत तो उठून खायला मागतो. नाटकी आहे जरा. पण दिवसभर तसाच पडून राहिला, कल्ले जोरात हलत असतील, तर पाण्यात गडबड आहे असं समजा आणि लगेच तीस टक्के पाणी बदला.

फिल्टरबद्दल एकच सांगणं. दुकानात डब्यावर लिहिलेल्या मापावर जाऊ नका, ऑस्कर घाण फार करतो. टँकमधलं सगळं पाणी तासाला चार-पाच वेळा फिरेल एवढा पंप घ्या. मोठा टॉप फिल्टर किंवा खाली संप बसवला तर उत्तम. झाडं, प्लास्टिकचे किल्ले, पाणबुड्याचा पुतळा, यावर पैसे घालवू नका. ऑस्कर स्वतःची मांडणी स्वतः करतो. तोंडानं खडी उचलून टाकतो, रोपं उपटतो, हिटरला धडका देतो. हिवाळ्यात कोल्हापूरची रात्र बऱ्यापैकी गार असते आणि याला पाणी लागतं २४ ते २८ अंशाचं, म्हणून हिटर पाहिजे. पण त्यावर प्लास्टिकची जाळी चढवूनच बसवा. हिटरची काच फुटली तर पाण्यात करंट उतरू शकतो, त्यामुळं टँकमध्ये हात घालण्याआधी सगळ्या पिना काढायची सवय लावून घ्या. हे माशापेक्षा तुमच्यासाठी आहे.

आता खुराक. कोल्हापुरात पाहुण्याला उपाशी पाठवायची पद्धत नाही आणि ऑस्करला हे बरोबर कळतं. तुम्ही खोलीत आलात की तो काचेपाशी येऊन शेपूट हलवत बसतो. घरातली चार माणसं चारवेळा खायला घालतात आणि प्रत्येकाला वाटतं, बिचारा उपाशी आहे. तो उपाशी नसतो. पिल्लाला दिवसातून दोन-तीनदा, मोठ्याला एकदा, दोन मिनिटांत संपेल एवढंच. आठवड्यातला एक दिवस उपास. मुख्य खाणं सिक्लिडसाठी मिळणाऱ्या चांगल्या गोळ्या. मधूनमधून सोललेली कोळंबी, धुतलेलं गांडूळ, उकडलेला मटार. कोंबडीचे आणि मटणाचे तुकडे घालणारे बरेच आहेत. तांबडा-पांढरा आपल्याला झेपतो, त्याला नाही. जमिनीवरच्या प्राण्याची चरबी त्याला नीट पचत नाही, ती यकृतात साठते.

आणि जिवंत गोल्डफिश खायला घालून व्हिडिओ करणं बंद करा. रीलला व्ह्यूज मिळतात, मान्य. पण स्वस्तातल्या त्या माशांसोबत परजीवी आणि रोग फुकट येतात. शिवाय गोल्डफिशच्या अंगात थायामिनेज नावाचा घटक असतो, तो बी-१ जीवनसत्त्व नष्ट करतो. रोज तेच खाणारा मासा हळूहळू अशक्त होतो.

घाण पाणी आणि निकृष्ट खाणं जास्त दिवस चाललं की ऑस्करच्या आणि फ्लॉवरहॉर्नच्या डोक्यावर टाचणीनं टोचल्यासारखे खड्डे दिसायला लागतात. हे मोठे होत जातात, त्यातून पांढरा धागा लोंबतो. सूक्ष्म परजीवींचा यात हात असतो असं मानलं जातं, पण ते बळावतात ते अशक्त माशात. पहिला उपचार पाणी सुधारणं हाच. औषध लागलं तर पशुवैद्यकाला विचारून. दुकानातली निळी-पिवळी बाटली अंदाजानं ओतली तर फिल्टरमधले जिवाणूही मरायची भीती असते.

कोल्हापूरसाठी एक वेगळा मुद्दा आहे जो परदेशी व्हिडिओत कुणी सांगणार नाही. महापूर. २००५, २०१९, २०२१. पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोक्याची ४३. ऑगस्ट २०१९ मध्ये नदी त्याच्या कितीतरी वर गेली, उपसा केंद्रं पाण्यात गेली, नळाला पाणी नाही, बऱ्याच भागात वीज नाही, पुणे-बेंगळुरू महामार्ग शिरोलीजवळ बंद. ज्याच्या घरात पूर आला नाही त्याच्याही टँकचा फिल्टर बंदच होता.

वीज गेली की ऑस्करला आधी त्रास होतो तो ऑक्सिजनचा, भुकेचा नाही. मोठा मासा आणि पाणी स्थिर, काही तासांत तो वर येऊन हवा घ्यायला लागतो. बॅटरीवर चालणारा छोटा हवेचा पंप पावसाळ्याआधीच घेऊन ठेवा. घरात इन्व्हर्टर असेल तर पंख्याआधी हवेच्या पंपाचा विचार करा, तो जेमतेम पाच वॉट खातो. काहीच नसेल तर मग घ्या, टँकमधलंच पाणी भरून फूटभर उंचीवरून परत ओता, पाच-दहा मिनिटं, दर तासा-दोन तासांनी. कंटाळवाणं आहे, पण चालतं.

आणि खायला घालणं पूर्ण बंद. तब्येतीचा मोठा ऑस्कर आठवडाभर आरामात उपाशी राहतो. खाल्लं नाही की घाण कमी, अमोनिया कमी. बदलायला पाणीच नसतं तेव्हा हाच एक उपाय हातात असतो. पूर ओसरल्यावर वीज आली की फिल्टर तसाच चालू करू नका. बंद डब्यातल्या फिल्टरमध्ये दिवसभर हवा न मिळाल्यानं जिवाणू मरून सडलेले असतात, ते सगळं टँकमध्ये जाईल. आधी उघडा, टँकच्या पाण्यात धुवा, मग सुरू करा. त्यानंतरचे दोन-तीन आठवडे नवीन टँक असल्यासारखं वागा. पुरानंतर नळाच्या पाण्यात क्लोरीनचं प्रमाण वाढवलेलं असू शकतं, तेव्हा अँटी-क्लोरीन नेहमीपेक्षा जरा लक्ष देऊन वापरा.

राहिला तो रंकाळ्याचा मुद्दा.

मासा सोडून दिला म्हणजे पुण्य लागलं, असं वाटणं साहजिक आहे. पण चिलापीचंच बघा. १९५२ मध्ये हा आफ्रिकेतला मासा भारतात आणला गेला, हेतू चांगला होता, लोकांना स्वस्त मासळी मिळावी. आज उजनीसारख्या धरणात जाळं टाकलं की आधी चिलापीच येते. तिथंच काचेच्या टाक्यांतून सुटलेला सकर मासाही मच्छीमारांच्या डोक्याला ताप झालाय. जाळी फाडतो आणि बाजारात कुणी घेत नाही. ऑस्करनं अमेरिकेत फ्लोरिडाच्या कालव्यांत हेच केलं, लोकांनी सोडलेल्यांची पिढ्यान्‌पिढ्या तिथं वस्ती झाली. फ्लॉवरहॉर्नची हवा ओसरली तेव्हा मलेशिया आणि सिंगापूरमध्ये लोकांनी ते तळ्यांत सोडले, ते तिथले देशी मासे खात सुटले. ऑस्ट्रेलियानं तर फ्लॉवरहॉर्नवर बंदीच घातली.

आपल्या पंचगंगेच्या उपनद्या पश्चिम घाटातून येतात. या घाटातल्या नद्यांत असे छोटे मासे आहेत जे जगात दुसरीकडं कुठंच नाहीत. आधीच सांडपाण्यानं त्यांचं जगणं अवघड केलंय, त्यात फूटभर तोंडाळ पाहुणा कशाला? आणि समजा तो तिथं जगला नाही, तर तुम्ही त्याला वाचवलं नाही, फक्त नजरेआड मरायला सोडलं.

मग नको असलेल्या ऑस्करचं करायचं काय? आधी जिथून घेतला त्या दुकानात विचारा. बरेच दुकानदार मोठा मासा परत घेतात, पैसे देत नाहीत एवढंच. शहरातल्या मासे पाळणाऱ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप आणि फेसबुक ग्रुपवर फोटो आणि माप टाका. सहा फुटी टँक रिकामा असलेला कुणीतरी निघतोच. द्यायच्या आदल्या दिवशी माशाला खायला घालू नका, म्हणजे वाटेत पाणी खराब होत नाही. पिशवी नको, तिला त्याचे काटे लागतात. झाकणाची मोठी बादली घ्या, अर्धी त्याच्याच टँकच्या पाण्यानं भरा, झाकणाला भोकं पाडा आणि उन्हाच्या आत पोचवा. जमलं तर फिल्टरचा जुना स्पंजही सोबत द्या, नव्या मालकाला विरजण होईल.